दोष लाडांचा नव्हे : बालपणीचे अवधानविकार आणि स्थूलता

लहान मुलांतील अवधानविकार आणि स्थूलता यांचा परस्परांशी संबंध आहे, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. परंतु या संबंधाचा अर्थ लावताना एक मत फार सहजपणे मांडले जाते आणि तितक्याच सहजपणे मान्यही केले जाते. ते मत असे की, मुलाचे एका जागी लक्ष न लागणे आणि मुलाचे वजन वाढत जाणे या दोन स्वतंत्र तक्रारी नसून एकाच दोषाची दोन फळे आहेत, आणि तो दोष मुलाच्या शरीरात नसून घराच्या वळणात आहे. आईवडिलांनी नको तितके लाड केले, मागेल ते खाऊ घातले, रडू लागले की हातात मोबाइल दिला आणि ‘नाही’ म्हणण्याची वेळ आली तेव्हा माघार घेतली, म्हणून मूल एकीकडे चंचल झाले आणि दुसरीकडे जाड झाले. तेव्हा शिस्त लावली, गोड बंद केले आणि पडदा काढून घेतला की दोन्ही गोष्टी आपोआप सुटतील, असा या मताचा सूर असतो. सोयीसाठी त्याला येथे ‘शिस्तवाद’ म्हटले आहे. हे मत कारणांच्या बाबतीत चुकीचे आहे, संबंधाच्या दिशेबाबत चुकीचे आहे आणि परिणामांच्या दृष्टीने घातक आहे, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीएचडी’ म्हटले जाते, तो अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणजे केवळ मस्तीखोर स्वभाव नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेनुसार, मुलामध्ये अवधानाच्या अभावाची नऊपैकी किमान सहा किंवा अतिचंचलता-उतावळेपणाची नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात, त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच प्रकट झालेली असावी लागतात, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात आणि त्यांमुळे मुलाच्या जगण्यात प्रत्यक्ष अडथळा येत असावा लागतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता जगातील सुमारे पाच टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो. स्थूलतेची मोजणी शरीरवस्तुमान निर्देशांकाने, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याने केली जाते; मुलांच्या बाबतीत तो आकडा त्यांच्या वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी ताडून पाहावा लागतो, कारण वाढत्या वयात त्याची स्वाभाविक पातळी सतत बदलत असते.

खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे न्यायाचे ठरेल. शिस्तवादी विचाराला तीन आधार आहेत. पहिला आधार काळाचा आहे : मुलांमधील स्थूलता आणि अवधानविकाराचे निदान या दोन्ही गोष्टी एकाच कालखंडात वाढल्या, म्हणून त्यांचे मूळ बदललेल्या जीवनशैलीत असावे असे वाटते. दुसरा आधार आहाराचा आणि पडद्याचा आहे : साखर, तळलेले पाकीटबंद पदार्थ आणि सतत बदलणारी चित्रे यांनी वजनही वाढते आणि मनही सैरभैर होते, असे रोजच्या निरीक्षणातून दिसते. तिसरा आधार घराचा आहे : अशा मुलांच्या घरी जेवणाच्या वेळा ठरलेल्या नसतात, आईवडिलांचा आवाज चढलेला असतो आणि नियम आज एक व उद्या दुसरे असतात, हेही पुष्कळदा खरे असते. ही निरीक्षणे सगळीच खोटी नाहीत, आणि म्हणूनच त्यांतून काढलेला निष्कर्ष तपासून पाहणे अधिक गरजेचे आहे.

मुळात संबंध आहे किती मोठा? सामुएले कोर्तेझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण, म्हणजे अनेक स्वतंत्र अभ्यासांची आकडेवारी सांख्यिकीय पद्धतीने एकत्र करून काढलेला निष्कर्ष, प्रसिद्ध केले. त्यात ७ लाख २८ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. अवधानविकार असलेल्या मुलांमध्ये स्थूलतेचे प्रमाण १०.३ टक्के, तर विकार नसलेल्या मुलांमध्ये ७.४ टक्के आढळले. प्रौढांमध्ये हेच प्रमाण २८.२ आणि १६.४ टक्के होते. या आकड्यांतून दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात. संबंध खरा आहे, योगायोगाचा नाही. आणि तरीही अवधानविकार असलेल्या दहापैकी जवळपास नऊ मुले स्थूल नसतात. दोन्ही तक्रारी एकाच कारणाची अपरिहार्य फळे असत्या, तर त्या इतक्या मोठ्या प्रमाणावर एकमेकींपासून अलग आढळल्या नसत्या. शिवाय बालपणी लहान असलेली ही तफावत प्रौढपणी रुंदावते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

आता काळाचा आधार पाहू. जगभरातील ५ ते १९ वर्षे वयोगटातील स्थूल मुलांची संख्या १९७५ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख होती आणि २०१६ मध्ये ती सुमारे १२ कोटी ४० लाखांवर गेली; ही वाढ निर्विवाद आहे. अवधानविकाराची गोष्ट मात्र तशी नाही. दवाखान्यांतील निदानांची संख्या वाढली हे खरे, पण निदान वाढणे म्हणजे विकार वाढणे नव्हे. शिक्षक आणि पालक अधिक जागरूक झाले, तज्ज्ञ उपलब्ध झाले, मुलींमधील शांत प्रकारच्या विकाराकडे लक्ष जाऊ लागले, की तेवढ्यानेही निदाने वाढतात. गिलेर्मे पोलांचिक या ब्राझिलियन संशोधकाने सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये तीन दशकांतील १३५ अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की, निदानाचे निकष आणि पद्धती यांतील फरक विचारात घेतल्यावर विकाराच्या प्रत्यक्ष प्रमाणात वाढ झाल्याचा पुरावा मिळत नाही. ज्या काळात स्थूलता अनेक पटींनी वाढली, त्या काळात अवधानविकार जवळपास जागच्या जागी राहिला, असा याचा अर्थ होतो. बदललेले संगोपन हे दोहोंचे समान कारण असते, तर दोन्ही आलेख बरोबरीने वर गेले असते. ते गेले नाहीत, आणि येथेच शिस्तवादाचा पहिला आधार निखळतो.

दुसऱ्या आधारातील साखरेचा मुद्दा तर प्रत्यक्ष प्रयोगांनी तपासला गेला आहे. मार्क वोलराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये, ज्यांच्या पालकांना आपली मुले साखरेने बेभान होतात असे ठामपणे वाटत होते अशा शाळकरी मुलांना, आणि त्यांच्याबरोबर काही बालवाडीच्या वयाच्या मुलांनाही, आळीपाळीने साखर, अ‍ॅस्पार्टेम आणि सॅकरिन यांनी गोड केलेला आहार प्रत्येकी तीन आठवडे दिला. कोणता आहार कधी चालू आहे हे मुलांना, पालकांना आणि परीक्षकांना ठाऊक नव्हते. मुलांच्या वागण्यात आणि बौद्धिक चाचण्यांत साखरेमुळे विशेष फरक पडल्याचे दिसले नाही. पुढच्याच वर्षी याच संशोधकांनी २३ नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हाही निष्कर्ष तोच राहिला. मग पालकांना जे ‘दिसते’ ते काय असते, याचे उत्तर हूवर आणि मिलिच या दोघांच्या १९९४ मधील प्रयोगात मिळते. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर नसलेले पेय देऊन काही आयांना ‘मुलाला भरपूर साखर दिली आहे’ असे सांगण्यात आले. त्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली, त्यांनी मुलांवर अधिक टीका केली आणि त्यांच्या अधिक निकट राहून त्यांच्यावर लक्ष ठेवले. साखर पोटात गेलीच नव्हती. मुलाविषयी मनात भरवलेल्या समजुतीने आईची नजर बदलली होती. साखर वजन वाढवते आणि दात किडवते, म्हणून ती कमी करणे शहाणपणाचेच आहे. परंतु ती अवधानविकाराचे कारण आहे, हा दावा प्रयोगांच्या कसोटीवर टिकलेला नाही. खाद्यरंगांबाबत थोडी वेगळी नोंद करावी लागेल. २००७ मधील साउदम्प्टनच्या प्रयोगात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणामुळे सर्वसाधारण मुलांच्या चंचलतेत अल्प वाढ दिसली आणि युरोपीय संघाने २०१० पासून अशा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक केले. हा परिणाम लहान आहे आणि त्याचा स्थूलतेशी संबंध नाही, म्हणून शिस्तवादाला त्याचा फायदा होत नाही.

पडद्याच्या बाबतीतही असेच तारतम्य ठेवावे लागते. लॉस एंजेलिसमधील २,५८७ किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डिजिटल माध्यमे फार वारंवार वापरणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांत अवधानविकाराची लक्षणे जाणवण्याची शक्यता काहीशी अधिक आढळली. हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही, पण तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी स्वतः नोंदवलेल्या लक्षणांविषयीचा आहे, वैद्यकीय निदानाविषयीचा नाही. आणि ज्या विकाराची सुरुवात बाराव्या वर्षापूर्वी असणे हा निकषच आहे, त्याचे मूळ पौगंडावस्थेतील मोबाइलमध्ये शोधता येत नाही. शिवाय ज्या मुलाचे चित्त मुळातच क्षणाक्षणाला नव्या उत्तेजनाकडे ओढ घेते, ते मूल पडद्याकडे अधिक वळणार हे उघड आहे. तेव्हा जे कारण म्हणून दाखवले जाते ते पुष्कळदा परिणाम असते.

तिसरा आधार घराचा, आणि शिस्तवादाची सारी भावनिक ताकद तेथेच एकवटलेली आहे. चंचल मुलाच्या आईचा आवाज चढलेला असतो, ती सतत सूचना देते, मध्येच कंटाळून सोडून देते. हे पाहणारा म्हणतो की, आई अशी आहे म्हणून मूल असे झाले. रसेल बार्कली आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी १९७९ मध्ये ही समजूत तपासण्यासाठी साधी पण निर्णायक रचना केली. अतिचंचल मुलांना एकदा मेथिलफेनिडेट हे औषध आणि एकदा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन, कोणती गोळी केव्हा दिली आहे हे कोणालाही कळू न देता, त्यांच्या आयांचे वागणे टिपले गेले. मूल औषधाखाली असताना ते अधिक ऐकू लागले, आणि त्याबरोबर आईच्या आज्ञा कमी झाल्या आणि तिचा प्रतिसाद अधिक सकारात्मक झाला. औषध मुलाने घेतले होते, आईने नव्हे. आईच्या कठोर किंवा विस्कळीत वागण्याचा मोठा भाग मुलाच्या विकाराला दिलेली प्रतिक्रिया असतो, त्याचे कारण नसतो, हे या प्रयोगाने दाखवले.

आनुवंशिकतेचा पुरावा याच दिशेने जातो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून अवधानविकाराची आनुवंशिकता, म्हणजे व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांपैकी जनुकीय फरकांनी स्पष्ट होणारा वाटा, सुमारे ७४ टक्के येतो. शरीराच्या जाडीबाबत तर दत्तक मुलांचा दाखला आहे. अल्बर्ट स्टंकर्ड यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की, मोठेपणी त्यांच्या शरीराचा बांधा जन्मदात्या आईवडिलांच्या बांध्याशी जुळत होता. ज्यांनी त्यांना वाढवले, ज्यांच्या ताटात ती मुले जेवली, त्या दत्तक आईवडिलांच्या बांध्याशी त्याचा संबंध आढळला नाही. पुढे २०१९ मध्ये डिट्टे डेमोंटिस आणि सहकाऱ्यांनी २० हजारांहून अधिक अवधानविकारग्रस्तांची जनुकीय माहिती ३५ हजार इतरांशी ताडून पाहिली, तेव्हा या विकाराशी निगडित जनुकीय फरक आणि वाढत्या शरीरवस्तुमानाशी निगडित जनुकीय फरक यांत स्पष्ट अंशतः सामाईकता दिसली. गर्भवती आईच्या स्थूलतेमुळे मुलाला अवधानविकार होतो, या दाव्याचीही अशीच छाननी झाली आहे. स्वीडनमधील सहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१४ मधील अभ्यासात वरवर पाहता असा संबंध दिसला, पण एकाच आईच्या निरनिराळ्या वजनाच्या काळात जन्मलेल्या भावंडांची आपापसात तुलना करताच तो बराचसा विरला. आईचे वजन हे कारण नव्हते. आई आणि मूल यांच्या कुटुंबात सामाईक असलेले काही घटक दोन्ही गोष्टींना जबाबदार होते.

यावर शिस्तवादाकडून एक आक्षेप येईल आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे : जनुके चाळीस वर्षांत बदलत नाहीत, मग स्थूलता चाळीस वर्षांत अनेक पटींनी कशी वाढली? उत्तर असे की, परिस्थिती बदलली हे पूर्णतः खरे आहे, परंतु बदललेली परिस्थिती सर्व मुलांवर सारख्याच जोराने आघात करत नाही. पाऊस साऱ्या गावावर पडतो, पण गळते ते छप्पर ज्याच्या कौलांना मुळातच फट असते त्याचे. स्वस्त, गोड, तेलकट आणि सदैव हाताशी असलेले खाणे ज्या काळात नव्हते, त्या काळात समोरच्या मोहाला थांबवण्याची क्षमता कमी असलेल्या मुलालाही जाड होण्याची संधी नव्हती; आज ती संधी शाळेच्या फाटकाबाहेर, टपरीवर आणि घरपोच सेवेत सर्वत्र आहे. यातून निघणारा निष्कर्ष मुलाला दोष देण्याचा नसून बाजार, शाळा आणि शहराची रचना बदलण्याचा आहे.

अवधानविकार वजनापर्यंत कोणत्या वाटांनी पोहोचतो, हे समजून घेतल्याशिवाय दिशेचा प्रश्न सुटत नाही. मेंदूच्या ज्या क्षमतांमुळे माणूस पुढचा विचार करून आताची कृती रोखतो, बेत आखतो आणि तो पाळतो, त्यांना कार्यकारी क्षमता म्हणतात. या विकारात त्याच दुबळ्या असतात. नंतर मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा आता मिळणारा छोटा लाभ अशा मुलाला अधिक खेचतो, आणि अन्न हा आता मिळणारा सर्वांत सुलभ लाभ आहे. असे मूल खेळाच्या किंवा कामाच्या नादात जेवण विसरते आणि नंतर भूक अनावर झाल्यावर हाताला लागेल ते, पोट भरल्याची जाणीव होण्यापूर्वीच, भराभर खाते. त्याला रात्री झोप उशिरा लागते, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते हे स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे. येथे एक जुनी शंकाही दूर होते. सतत हलणारे मूल जाड कसे होईल, असे विचारले जाते. परंतु बाकावर चुळबुळ करणे, पाय हलवणे, मध्येच उठणे म्हणजे व्यायाम नव्हे. संघातील खेळात नियम लक्षात ठेवावे लागतात, पाळीची वाट पाहावी लागते, आणि ज्याला ते जमत नाही त्याला इतर मुले खेळायला घेत नाहीत. उत्तर फिनलंडमध्ये १९८५-८६ च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाठपुराव्यात आठव्या वर्षीच्या अवधानविकाराच्या लक्षणांवरून सोळाव्या वर्षीची स्थूलता आणि शारीरिक निष्क्रियता या दोन्हींचे भाकीत करता आले. उलट आठव्या वर्षीच्या स्थूलतेवरून सोळाव्या वर्षीच्या अवधानविकाराचे भाकीत करता आले नाही.

दिशेविषयीचा हा पुरावा एकाकी नाही. न्यूयॉर्कमध्ये सरासरी आठ वर्षे वयात अतिचंचलतेचे निदान झालेल्या मुलग्यांचा ३३ वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वयाच्या सुमारे एकेचाळिसाव्या वर्षी त्यांच्यापैकी ४१.४ टक्के पुरुष स्थूल आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण २१.६ टक्के होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९८२ या काळात जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात बालपणी अवधानविकार असलेल्या स्त्रियांना स्थूलतेचा धोका सुमारे दुप्पट दिसला. ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण मुलींमधील अवधानविकार बहुधा गोंगाट करत नाही, त्या वर्गात स्वप्नात हरवल्यासारख्या बसतात, म्हणून त्यांचे निदानच होत नाही आणि वाढते वजन ही त्यांची एकमेव ‘दिसणारी’ तक्रार उरते. बालपणी लहान असलेली तफावत वयाबरोबर रुंदावत जाते, याचा अर्थ विकार आधी येतो, वजन मागाहून येते, आणि मधल्या वर्षांत हस्तक्षेपाला जागा असते.

प्रामाणिकपणे उलट दिशेची एक वाटही नोंदवली पाहिजे. स्थूल मुलांमध्ये झोपेतील श्वासरोध, म्हणजे घशातील मार्ग आकुंचित होऊन झोपेत श्वास वारंवार अडखळणे, अधिक आढळतो. वाढलेले टॉन्सिल त्यात भर घालतात. अशी झोप तुटलेली असते आणि दिवसा ते मूल पेंगुळण्याऐवजी पुष्कळदा चिडचिडे, चंचल आणि बेध्यान होते. असा श्वासरोध असलेल्या ४६४ मुलांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेने अवधानाच्या औपचारिक चाचण्यांत लक्षणीय सुधारणा झाली नाही, पण पालकांनी नोंदवलेले वर्तन, झोप आणि जीवनमान सुधारले. म्हणजे काही मुलांत वजनाकडून अवधानाकडे जाणारी वाट आहे. पण तीही श्वासमार्गातून जाते, लाडांतून नव्हे, आणि तिचा शोध कान-नाक-घसा तज्ज्ञाने घ्यायचा असतो, छडीने नव्हे.

कोणत्याही मताची खरी परीक्षा उपचारात होते. शिस्तवाद खरा असेल, तर अवधानविकार असलेले स्थूल लोक उपचारात कमी चिकाटी दाखवतात म्हणून अपयशी ठरतात, असे दिसले पाहिजे. ज्यूल्स आल्टफास यांनी २००२ मध्ये स्थूलतेच्या दवाखान्यातील २१५ प्रौढ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतील २७.४ टक्क्यांना अवधानविकार होता, आणि अतितीव्र स्थूलता असलेल्यांमध्ये तर हे प्रमाण ४२.६ टक्के होते. या रुग्णांचे वजन इतरांपेक्षा कमी घटले, मात्र ते दवाखान्यात इतरांपेक्षा अधिक वेळा आले होते. प्रयत्न कमी नव्हता. प्रयत्न फळाला नेणारी यंत्रणा दुबळी होती. टोरांटोमध्ये लान्स लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा पुढचा भाग दाखवला. वर्षानुवर्षे उपचारांना न जुमानणारी तीव्र स्थूलता असलेल्या ज्या रुग्णांत अवधानविकार आढळला, त्यांपैकी ६५ जणांनी त्यावर औषधोपचार घेतले आणि १३ जणांनी घेतले नाहीत. सरासरी ४६६ दिवसांनंतर पहिल्या गटाचे वजन १२.३६ टक्क्यांनी घटले होते, तर दुसऱ्या गटाचे २.७८ टक्क्यांनी वाढले होते. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि औषधाने भूकही मंदावते, म्हणून हा आकडा अंतिम पुरावा ठरत नाही. पण ज्यांना आयुष्यभर ‘मनावर घे’ असे सांगितले गेले आणि उपयोग झाला नाही, त्यांच्यापैकी अनेकांना उपाय अवधानाच्या उपचारात सापडला, हे त्यातून स्पष्ट होते.

येथे एका विरुद्ध टोकाच्या चुकीलाही विरोध केला पाहिजे. उत्तेजक औषधांनी भूक मंदावते, म्हणून ती मुलांचे वजन उतरवण्यासाठी द्यावीत, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अँफेटामिनच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी सर्रास विकल्या गेल्या आणि त्यांतून व्यसनाधीनतेचे मोठे संकट उभे राहिले, हा इतिहास ताजा आहे. लिस्डेक्सअँफेटामिन या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये प्रौढांच्या अनावर खाण्याच्या विकारासाठी मान्यता मिळाली, तेव्हाही ते वजन घटवण्यासाठी नाही, असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट नमूद केले गेले. पेनसिल्व्हेनियातील १ लाख ६३ हजारांहून अधिक मुलांच्या २०१४ मधील अभ्यासात उत्तेजक औषधे घेणाऱ्या मुलांचे शरीरवस्तुमान आधी मंद गतीने वाढले, पण पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात ते उसळून इतरांच्या पुढे गेले. तेव्हा औषध द्यायचे ते अवधानासाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, उंची आणि वजनाची नियमित नोंद ठेवून. वजनाचा फायदा हा त्याचा हेतू असू शकत नाही.

शिस्तवादाचे नुकसान केवळ बौद्धिक नाही. त्याने सर्वप्रथम वेळ जातो, आणि या विकारात वेळ म्हणजे ती वर्षे, ज्यांत वजनाची तफावत अजून लहान असते. त्याने आईवर, विशेषतः नोकरी करणाऱ्या आईवर, अपराधाचा भार पडतो आणि ती मदत मागायला कचरते. आळशी, खादाड, वेंधळा ही विशेषणे रोज ऐकणारे मूल स्वतःविषयी तेच मत बनवते, आणि लाज वाटणारे मूल लपून खाते. भारतात हा भार अधिक जड होतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, अवधानविकाराचा नाही. त्यामुळे त्याला शाळेत अनेकदा शिस्तभंगाच्या खात्यात टाकले जाते. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील अतिवजन बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले आहे. कुपोषणाच्या मोठ्या ओझ्याशेजारी हा आकडा लहान दिसतो, आणि ‘गुटगुटीत म्हणजे निरोगी’ या समजुतीमुळे घरात तो आनंदाने पाहिलाही जातो. पण त्याची दिशा चढती आहे. येथील मुलांचे वजन पाश्चात्त्य तक्त्यांवर मोजणेही दिशाभूल करणारे ठरते, कारण भारतीय शरीरात कमी वजनालाच चरबीचे आणि मधुमेहाचे धोके सुरू होतात. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या तक्त्यांत अतिवजन आणि स्थूलता यांच्या सीमा प्रौढांच्या अनुक्रमे २३ आणि २७ या निर्देशांकांशी जुळवून खाली आणल्या आहेत.

शिस्त नाकारणे हा या प्रतिवादाचा हेतू नाही. जेवणाच्या ठरलेल्या वेळा, झोपेची ठरलेली वेळ, लहान व स्पष्ट नियम, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल, यांची अवधानविकार असलेल्या मुलाला इतर मुलांपेक्षा अधिक गरज असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून औषध नव्हे, तर पालकांचे वर्तन-प्रशिक्षण सांगितले आहे. मात्र उपचार म्हणून शिकवलेली रचना आणि शिक्षा म्हणून लादलेला धाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पालक मुलाच्या दुबळ्या क्षमतेला बाहेरून आधार देतात, दुसरीत त्या क्षमतेच्या अभावाबद्दल मुलाला दंड करतात. चालता न येणाऱ्या मुलाला आधार देणे म्हणजे त्याचे लाड करणे, असे कोणी म्हणत नाही.

या साऱ्यातून करायची कामे स्पष्ट आहेत. अवधानविकाराचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची दर भेटीला मोजून भारतीय तक्त्यावर नोंदवली जावी. वजन घटवण्याचे प्रयत्न वारंवार फसलेल्या प्रत्येक मुलाच्या अवधानाची आणि झोपेची, विशेषतः घोरण्याची, चौकशी केली जावी, आणि मुलींच्या बाबतीत ती अधिक काळजीपूर्वक केली जावी. शाळांनी चंचल मुलाला शिक्षा म्हणून खेळाच्या तासाला बसवून ठेवण्याची प्रथा बंद करावी, कारण ज्या मुलाला हालचालीची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याकडूनच ती हिरावली जाते. आणि पालकांनी, शिक्षकांनी व डॉक्टरांनी हे मनाशी पक्के धरावे की, अवधान आणि वजन यांना जोडणारा धागा मुख्यतः मुलाच्या जन्मजात घडणीतून जातो, आईवडिलांच्या लाडांतून नव्हे. म्हणून अशा मुलाला बोल लावण्याआधी त्याची तपासणी करून घेणे, हे त्याच्या बाबतीतले पहिले कर्तव्य आहे.